नव्या रीफ टँकच्या पाण्याचे आकडे जुळत नाहीत? तपासणी या क्रमाने करा

नवा रीफ टँक (प्रवाळांसाठीचा खाऱ्या पाण्याचा टँक) भरला की पहिल्या दोन-तीन महिन्यांत एक तक्रार हमखास येते: टेस्टचे आकडे पटत नाहीत. सकाळी अल्कॅलिनिटी (पाण्याची आम्ल सोसायची क्षमता) ९, रात्री ७. कॅल्शियम कमी म्हणून डोस दिला, तर अल्कॅलिनिटी आणखी खाली. अमोनिया ०.२५ वर अडकलाय तो हलायलाच तयार नाही. मग बाटल्यांवर बाटल्या ओतल्या जातात आणि तोवर बरं असलेलं पाणी खरोखर बिघडतं. अशा वेळी संशय आधी किटवर घ्यायचा, मग खारेपणावर, मग मूळ पाण्यावर, आणि टँकवर सगळ्यात शेवटी.

लक्षणं

- एकाच दिवशी दोनदा केलेल्या अल्कॅलिनिटी टेस्टमध्ये १ डीकेएचपेक्षा (अल्कॅलिनिटी मोजायचं एकक) जास्त फरक.
- कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्कॅलिनिटी तिन्ही एकदमच कमी किंवा एकदमच जास्त.
- अमोनिया आठवडेच्या आठवडे ०.२५ पीपीएम (दहा लाखांत भाग), पण मासे खातात-पितात, श्वास नेहमीसारखा.
- टँक नुकताच सुरू झालाय आणि नायट्रेट एकदम ५० किंवा १००.
- कडक प्रवाळ जवळपास नाहीत, तरी अल्कॅलिनिटी रोज घसरते.
- पीएच दिवसभर ७.८ च्या वर जात नाही.
- काचेवर आणि वाळूवर तपकिरी थर, पुसला की दोन दिवसांत परत.

तुलनेसाठी लक्ष्य आकडे असे: खारेपणा ३५ पीपीटी, म्हणजे हजारात ३५ भाग (२५ अंशांना विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६), तापमान २५ ते २६ अंश, अल्कॅलिनिटी ७.५ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम, नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम, पीएच ७.९ ते ८.४. शेवटच्या दशांशासाठी जीव टाकू नका. ७.८ वर स्थिर असलेली अल्कॅलिनिटी ही ८ आणि ९.५ मध्ये हेलकावणाऱ्या अल्कॅलिनिटीपेक्षा केव्हाही बरी.

तपासणी सुरू करण्याआधी डोसिंग (कॅल्शियम, सोडा वगैरे घालणं) थांबवा, हाताने देत असाल तरी आणि पंपाने देत असाल तरी. एक दिवस डोस न मिळाल्याने नव्या टँकचं काही बिघडत नाही. अपवाद एकच: मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकत असतील तर आकड्यांच्या नादी न लागता हवा वाढवा, २५ ते ३० टक्के पाणी बदला, आणि मग पुढे वाचा.

१. टेस्ट करण्याची पद्धत (खर्च शून्य)

टेस्टची नळी टँकच्याच पाण्याने तीनदा विसळा. मागच्या टेस्टच्या रीएजंटचा (टेस्टच्या रसायनाचा) एक थेंब तळाशी राहिला तरी पुढचा आकडा गेला. आता खाली बसून नळी डोळ्यांच्या पातळीत धरा. पाण्याचा पृष्ठभाग मध्ये खोलगट दिसतो. त्या खोलगट भागाचा तळ रेषेवर यायला हवा, कडा नव्हे. ५ मिलीच्या नळीत अर्धा मिली जास्त पाणी गेलं तर चूक सरळ दहा टक्क्यांची.

थेंब टाकताना बाटली उभी धरा. तिरकी धरली की थेंब लहान-मोठे पडतात, आणि बुडबुडा असलेला थेंब अर्ध्या थेंबाइतकाच भरतो. सिरिंजने टायट्रेशन (रंग बदलेपर्यंत थेंब टाकत मोजणी) करायच्या किटमध्ये शेवटचा टप्पा सावकाश घ्या. रंग बदलायला आला की थेंब पडल्या जागी गुलाबी रेघ उमटते आणि नळी हलवली की विरते. ती विरली म्हणजे अजून एक थेंब. रंग टिकला की थांबायचं. या प्रकारच्या किटमध्ये ०.०२ मिली म्हणजे सुमारे ०.३ डीकेएच, तेव्हा घाईत दोन-तीन थेंब जास्त गेले की टँकमध्ये न झालेली ‘वाढ’ वहीत चढते.

नायट्रेटच्या थेंबांच्या किटमध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या बाटलीत बऱ्याचदा तळाशी पावडर बसलेली असते. ती अर्धा मिनिट जोरात हलवल्याशिवाय वापरली तर नायट्रेट कमी दिसतं, आणि बाटली संपत आली की तळाचा गाळ येऊन अचानक जास्त दिसायला लागतं. काही किटमध्ये नळीतून बाजूने पाहिलं तर वाचलेला आकडा दहाने भागायचा असतो. घडी घातलेला सूचनेचा कागद एकदा नीट वाचा, ५० चे ५ होतील.

रंगपट्टी कधीच टँकच्या निळ्या दिव्याखाली धरू नका. त्या उजेडात फॉस्फेटची फिकट निळी छटा आणि कोरं पाणी यांत फरक कळत नाही. खिडकीशी, दिवसाच्या उजेडात बघा. रात्री टेस्ट करायचीच असेल तर पांढऱ्या दिव्याखाली, आणि दर वेळी त्याच दिव्याखाली.

हॅना चेकर (हॅना कंपनीचं आकडा दाखवणारं छोटं डिजिटल उपकरण) वापरणाऱ्यांनी क्युव्हेट (नमुन्याची काचेची कुपी) मऊ कापडाने पुसावी. बोटाचा ठसा, काचेला चिकटलेला सूक्ष्म बुडबुडा आणि पाकिटाच्या कोपऱ्यात अडकलेली पावडर हे फॉस्फेटच्या चुकीचे तीन नेहमीचे गुन्हेगार. फॉस्फरसचा चेकर असेल तर स्क्रीनवरचा पीपीबी (अब्जात भाग) आकडा ३.०६६ ने गुणून हजाराने भागा, मग फॉस्फेटचा पीपीएम मिळतो. हॅनाच्या कॅल्शियम चेकरमध्ये टँकचं पाणी फक्त ०.१ मिली लागतं, पिपेट ०.०१ मिलीने हुकलं तर ४० पीपीएमचा फरक पडतो. कॅल्शियममध्ये आज ४१० आणि उद्या ४५० आलं तर डोसकडे वळू नका, आधी पिपेटकडे बघा.

रीएजंटची मुदतही याच वेळी तपासा. मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत चार दिवस भाजलेलं किट मुदतीत असूनही चुकू शकतं. किट स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ किंवा टँकच्या झाकणावर ठेवू नका.

आणि टेस्ट रोज एकाच वेळी करा. पीएच पहाटे सगळ्यात कमी आणि दिवे बंद व्हायच्या आधी सगळ्यात जास्त असतो. एक आकडा सकाळचा आणि दुसरा रात्रीचा घेतला तर त्यांची तुलना होत नाही.

२. खारेपणा (खर्च शून्य ते काही शे रुपये)

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा, कारण बाकीचे आकडे यावर उभे आहेत. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि अल्कॅलिनिटी मिठातूनच येतात. ३५ पीपीटीला ४२० कॅल्शियम, १३०० मॅग्नेशियम आणि ८ डीकेएच देणारं मीठ ३१ पीपीटीला सुमारे ३७२, ११५० आणि ७.१ देतं. तिन्ही आकडे एकाच प्रमाणात खाली असतील तर तीन बाटल्यांची गरज नाही, मीठ कमी आहे इतकंच. एकच आकडा खाली असेल तर कारण दुसरीकडे शोधा.

काटा हलणारा प्लॅस्टिकचा हायड्रोमीटर असेल तर काट्याला बुडबुडे चिकटतात, काटा वर उचलला जातो आणि खारेपणा आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. त्यावर विसंबून मीठ कमी ठेवलं जातं. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून खारेपणा सांगणारं उपकरण) बरा, पण तो आरओच्या (पडद्यातून गाळलेल्या) पाण्यावर शून्याला लावून समाधान मानू नका. स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर पुष्कळदा साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेले असतात. शून्याला बरोबर आणि ३५ ला दीड-दोन पीपीटीने चूक, असं सर्रास होतं. जिथे वापरायचाय तिथेच, म्हणजे ३५ च्या प्रमाण द्रावणावर लावा.

विकतचं द्रावण मिळालं नाही तर घरी करता येतं: ३६.५ ग्रॅम साधं मीठ ९६३.५ ग्रॅम डीआय (रेझिनमधून काढलेल्या क्षारविरहित) पाण्यात. ०.१ ग्रॅमचा काटा हवा, चमच्याने होणार नाही. या द्रावणाचा अपवर्तनांक ३५ पीपीटी समुद्राच्या पाण्याइतका असतो. ते फक्त रिफ्रॅक्टोमीटरसाठी. वाहकता मोजणाऱ्या पेनला चालत नाही. त्या पेनसाठी २५ अंशांना ५३ मिलिसीमेन्सचं द्रावण लागतं. काचेवर दोन-तीन थेंब टाकून झाकण लावलं की मिनिटभर थांबा, म्हणजे थेंब आणि उपकरण एका तापमानाला येतात.

उपकरण बरोबर आणि तरी खारेपणा हलतोय? मग टॉप-अप, म्हणजे उडालेल्या पाण्याची भर, पाहा. ३०० लिटरच्या टँकमधून रोज ३ लिटर पाणी उडालं आणि चार दिवस कुणी भरलं नाही, तर ३५ चा खारेपणा साडेछत्तीसच्या आसपास जातो. विदर्भाच्या उन्हाळ्यात टँकवर पंखा लावला असेल तर याहून लवकर. मुंबईच्या दमट हवेत पंख्याने तापमान फारसं उतरत नाही, तिथे चिलरच लागतो. उडतं ते पाणी, मीठ टँकमध्येच राहतं, म्हणून टॉप-अप नेहमी गोड्या डीआय पाण्याने. उलट बाजूही आहे: स्किमर (फेसातून घाण काढणारं उपकरण) पातळ ओढत असेल तर कपातून खारं पाणी जातं, एटीओ (पाण्याची पातळी आपोआप भरून काढणारं यंत्र) त्याजागी गोडं भरतो आणि महिन्याभरात खारेपणा हळूच ३२ वर येतो. एटीओच्या सेन्सरवर गोगलगाय बसली तर हेच एका रात्रीत होतं.

दुरुस्ती सावकाश. दिवसाला १ पीपीटीपेक्षा जास्त फरक करू नका.

३. मूळ पाणी (टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणारं पेन, काही शे रुपये)

महाराष्ट्रातल्या बऱ्याच नव्या टँकचं दुखणं स्वयंपाकघरातल्या आरओमध्ये असतं. पिण्याच्या आरओला टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल काडतूस असतं. ते चवीसाठी थोडं कच्चं पाणी किंवा क्षार परत मिसळतं आणि नळीतून ५० ते १०० टीडीएसचं पाणी येतं. पिण्यासाठी उत्तम, रीफसाठी नाही. टँकला डीआय रेझिननंतरचं शून्य टीडीएस पाणी लागतं. पेनवर ३-४ दिसायला लागलं की रेझिन संपत आलंय. रेझिन संपताना सिलिकेट आधी निसटतं, आणि तो परत परत येणारा तपकिरी थर मुख्यतः त्यावरच वाढणाऱ्या डायटमचा (सूक्ष्म तपकिरी शेवाळाचा) असतो. नव्या टँकमध्ये थोडे डायटम येतातच आणि आपसूक जातात; पण दोन महिने झाले तरी हटत नसतील तर रेझिन बदला.

कॉपरचं काडतूस असलेल्या आरओचं पाणी टँकमध्ये घालू नका. तांबं झिंगे, गोगलगायी आणि प्रवाळांना मारक आहे, आणि टीडीएस पेनवर ते वेगळं कळत नाही. बोअरच्या पाण्याचा प्रश्नच नको: आधीच जड, त्यात बऱ्याच ठिकाणी नायट्रेट भरपूर.

समुद्राचं पाणी भरून आणायचा मोह किनाऱ्यावरच्या गावांत होतो. शहरालगतच्या समुद्रात सांडपाणी येतं आणि पावसाळ्यात खाड्यांच्या गोड्या पाण्याने खारेपणा पार उतरतो. किनाऱ्यावरचे प्रवाळ किंवा प्रवाळाचे खडक उचलून आणणं तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे, मेलेले दिसत असले तरी. कोरडा खडक विकत घ्या.

४. मीठ

पावसाळ्यात कोकणात, मुंबईत, गोव्यात उघडी राहिलेली सॉल्ट मिक्सची पिशवी दमटपणा ओढते. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्लोराइड ओलावा शोषतात, मिठाचे गठ्ठे होतात आणि वजन करताना तुम्ही मिठाबरोबर पाणीही तोलता. शिवाय प्रवासात जड कण तळाशी बसतात. बादली आडवी लोळवून मीठ ढवळा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि वजनावर विसंबून न राहता मिसळल्यावर खारेपणा मोजा.

मिसळताना आधी पाणी, मग ढवळत ढवळत मीठ; साधारण ३६ ते ४० ग्रॅम प्रति लिटर, कंपनीनुसार. उलटं केलं की दाट द्रावणात कॅल्शियम कार्बोनेटचा साका बनतो आणि तो परत विरघळत नाही. मिठागरातलं खडेमीठ पर्याय होत नाही. ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड असतं. मॅग्नेशियम मागे उरलेल्या पाण्यात राहतं.

इथे एक टेस्ट फार उपयोगाची. नुकत्याच मिसळलेल्या, अजून टँकमध्ये न गेलेल्या पाण्याचे आकडे घ्या. त्यातच अल्कॅलिनिटी ७ असेल तर टँकमध्ये ९ कुठून येणार?

५. किट खरं बोलतंय का

३ ग्रॅम खाण्याचा सोडा १ लिटर डीआय पाण्यात विरघळवा. त्यातले १०० मिली घेऊन आणखी डीआय पाणी घालत पुन्हा १ लिटर करा. या पाण्याची अल्कॅलिनिटी १० डीकेएच. थेंबांचं किंवा सिरिंजचं किट ९.५ ते १०.५ दाखवत असेल तर ठीक. ८ किंवा १२ दाखवत असेल तर तुमचे आजवरचे सगळे डोस चुकीच्या आकड्यावर गेले. साधा सोडाच हवा. बेकिंग पावडर आणि इनोमध्ये आम्ल असतं.

अडकलेल्या ०.२५ अमोनियासाठी डीआय पाण्याची आणि टँकच्या पाण्याची टेस्ट शेजारी शेजारी ठेवा. दोन्ही नळ्या सारख्याच हिरवट असतील तर टँकमध्ये मोजण्याजोगा अमोनिया नाही. अमोनिया ‘बांधणारं’ द्रव्य टाकलं असेल तर सॅलिसिलेट प्रकारच्या किटला बांधलेला अमोनियाही दिसतो, आणि नेसलर प्रकारचं किट त्या द्रव्यामुळे फसतं.

सुरुवातीच्या आठवड्यांतल्या ५०-१०० नायट्रेटवर घाबरू नका. आधी नायट्राइट मोजा. नायट्रेटची किट नायट्रेटचं नायट्राइट करून मोजतात, त्यामुळे पाण्यात आधीच असलेलं थोडंसं नायट्राइटही आकडा भलताच फुगवतं. नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय नायट्रेटची नोंद करूच नका. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड भरपूर असल्यामुळे माशांना नायट्राइटचा त्रास गोड्या पाण्यासारखा होत नाही, म्हणून त्यासाठी औषधं ओतायचंही कारण नाही. किटवर नायट्रेट-नायट्रोजन लिहिलं असेल तर आकडा ४.४ ने गुणा.

६. अल्कॅलिनिटी खरंच घसरतेय

इथवर सगळं तपासून झालं आणि घसरण उरलीच, तर ती खरी आहे. सायकलमध्ये, म्हणजे अमोनियाचं नायट्रेट करणारे जीवाणू तयार होण्याच्या काळात, थोडी घसरण व्हायचीच: २ पीपीएम अमोनियाचं नायट्रेट होईपर्यंत सुमारे ०.६५ डीकेएच खर्ची पडतं. प्रवाळ किंवा गुलाबी कोरलाइन शेवाळ वाढत असेल तर अल्कॅलिनिटीबरोबर कॅल्शियमही ठरलेल्या प्रमाणात उतरतं, दर २.८ डीकेएचला सुमारे २० पीपीएम. म्हणून अल्कॅलिनिटी १ ने उतरली तरी कॅल्शियममध्ये फरक दिसत नाही. तो फक्त ७ पीपीएमचा असतो, घरगुती किटला तेवढं कळत नाही.

वाढणारं काही नसताना घसरण असेल तर साका (पाण्यातून वेगळा होऊन बसणारा क्षार) बनतोय. हीटर बाहेर काढा (आधी प्लग काढून पंधरा मिनिटं थंड होऊ द्या). त्यावर खरखरीत पांढरा थर आहे का? पंपाच्या इंपेलरवर? वाळू एकमेकांना चिकटून दगड झालीय का? थरावर व्हिनेगरचा थेंब टाका. फसफसला तर तो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजेच तुमची हरवलेली अल्कॅलिनिटी. कारणं ठरलेली: सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड लागोपाठ एकाच जागी ओतले, चुन्याचं पाणी भसकन घातलं, किंवा मॅग्नेशियम १२०० च्या खाली. मॅग्नेशियम कमी असताना अल्कॅलिनिटी वर खेचायचा प्रयत्न म्हणजे सोड्याचे पैसे हीटरवर चिकटवणं. आधी मॅग्नेशियम सावरा. हीटर-पंप अर्धं पाणी, अर्धं व्हिनेगर यात भिजवून घासा.

मग डोस. १०० लिटर पाण्यात १ डीकेएच वाढवायला ३ ग्रॅम खाण्याचा सोडा, डीआय पाण्यात विरघळवून, जोरदार प्रवाहात, थोडा थोडा. दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त नाही. लिटर मोजताना खडक आणि वाळूने व्यापलेली जागा वजा करा; ३०० लिटरच्या टँकमध्ये पाणी पुष्कळदा २५० च्या आतबाहेर भरतं. कॅल्शियमचा डोस काही तासांनी, दुसऱ्या कोपऱ्यात.

७. पीएच कमी

बाटलीतला ‘पीएच वाढवणारा’ सहसा अल्कॅलिनिटीच वाढवतो, म्हणून त्याला हात लावू नका. पेन आधी ७ आणि १० च्या बफरवर लावा. मग कपभर टँकचं पाणी गॅलरीत नेऊन त्यात तासभर एअर पंप चालवा. पीएच ०.२-०.३ ने वाढला तर दोष बंद खोलीत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडचा. एसी चालू, खिडक्या बंद, चार माणसं झोपलेली, अशा खोलीत हे ठरलेलं आहे. खिडकी उघडा किंवा स्किमरची हवेची नळी बाहेर काढा.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

पाण्यात हात घातल्यावर झिणझिण्या आल्या तर पुन्हा हात घालू नका, कुठल्या उपकरणालाही शिवू नका. मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. हीटरची काच तडकलेली असू शकते, किंवा घराचं अर्थिंगच नसेल. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीजगळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय टँक परत चालू करू नका.

गोगलगायी काचेवरून पडतात, झिंगे मरतात आणि घरचे सगळे आकडे बरोबर, तर तांबं किंवा दुसऱ्या धातूचा संशय घ्या. घरगुती किट त्या पातळीला पोचत नाही. आयसीपी चाचणीला (प्रयोगशाळेत धातू वगैरे मोजणारी चाचणी) नमुना पाठवा आणि तोवर ॲक्टिव्हेटेड कार्बन घालून पाणी बदलत राहा. आयसीपीतून अल्कॅलिनिटी आणि अमोनिया कळत नाही, ते त्याच दिवशी घरी मोजून ठेवा.

डोस बंद, किट तपासलेलं, हीटर-पंप स्वच्छ, मॅग्नेशियम जागेवर, आणि तरी अल्कॅलिनिटी रोज १ डीकेएचपेक्षा जास्त घसरतेय, तर स्वतः आणखी काही ओतू नका. समुद्री टँक सांभाळणाऱ्या माणसाला टँकवरच बोलवा. काचेच्या सांध्यातून मीठ पाझरून पांढरी रेघ उमटत असेल तर पाणी अर्ध्यावर आणून ॲक्वेरियम बनवणाऱ्याला बोलवा. सिलिकॉन वरवर थापून ते टिकत नाही.

येणाऱ्याला या गोष्टी तयार ठेवा: मागच्या दोन आठवड्यांचे आकडे वेळेसकट, किटचं नाव आणि मुदत, डीआयचा टीडीएस, मिठाचा बॅच नंबर, दिलेल्या प्रत्येक डोसचे ग्रॅम किंवा मिली, आणि नुकतंच मिसळलेलं खारं पाणी एका स्वच्छ बाटलीत.